संवेग आणि आवेगाची गणितं: आकडे घालण्याआधी काय ठरवायचं

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आवेग म्हणजे सरासरी बल गुणिले ते बल लागू असलेला काळ, आणि वस्तूवरच्या एकूण बलाचा आवेग जितका, तितकाच तिच्या संवेगातला बदल. सूत्रं एवढीच आहेत. तरी या धड्यातली गणितं चुकतात, आणि ती गुणाकारात क्वचितच चुकतात. आकडे घालण्याआधी तीन गोष्टी ठरवलेल्या नसतात: धन दिशा कोणती, हिशोबात कोणत्या वस्तू धरल्या, आणि हिशोब कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा. या तिन्ही गोष्टी कागदावर लिहा. मनात ठेवल्या तर गणिताच्या मध्यावर त्या नकळत बदलतात.

सर्वांत जास्त गुण दिशेच्या चिन्हावर जातात. ०.१६ किग्रॅचा चेंडू २० मी/से वेगाने बॅटवर येतो आणि ३० मी/से वेगाने उलट परत जातो. परतीची दिशा धन धरली, तर सुरुवातीचा वेग −२० आणि शेवटचा +३०. संवेगातला बदल = ०.१६ × [३० − (−२०)] = ८ न्यूटन-सेकंद. ज्याने नुसते ३० मधून २० वजा केले, त्याचं उत्तर १.६ येतं, म्हणजे पाचपट कमी. चेंडूला आधी थांबवावं लागतं आणि मग उलट पाठवावं लागतं. दोन्हीचा आवेग बॅटच देते. म्हणून आकृतीत आधीचे आणि नंतरचे बाण वेगवेगळे काढा आणि प्रत्येक बाणाशेजारी चिन्हासह वेग लिहा.

चेंडू आणि बॅटचा स्पर्श ०.००४ सेकंद टिकला, तर सरासरी बल ८ ÷ ०.००४ = २००० न्यूटन. बल मात्र त्या काळात सारखं नसतं. शून्यापासून वाढतं आणि परत शून्यावर येतं. बल-काळ आलेख त्रिकोणी मानला, तर त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे आवेग: ½ × ०.००४ × कमाल बल = ८, म्हणून कमाल बल ४००० न्यूटन. आलेखाच्या प्रश्नात कमाल बलाला सरळ काळाने गुणलं की उत्तर दुप्पट येतं. काळ मिलिसेकंदात, वस्तुमान ग्रॅममध्ये किंवा वेग किमी/तासमध्ये दिला असेल, तर पहिल्याच ओळीत सेकंद, किलोग्रॅम आणि मी/से करून घ्या (किमी/तासला ३.६ ने भागा).

गुरुत्व कधी सोडायचं? वरच्या चेंडूचं वजन सुमारे १.६ न्यूटन, त्याचा ०.००४ सेकंदातला आवेग ०.००६४. आठच्या तुलनेत तो हजाराव्या भागापेक्षाही कमी, म्हणून सोडला तरी चालतो. पण ६० किग्रॅचा माणूस ०.८ मीटर उंचीवरून उडी मारतो तेव्हा तसं करता येत नाही. गुरुत्व त्वरण १० मी/से² धरलं, तर जमिनीला टेकताना वेग ४ मी/से. गुडघे वाकवून तो ०.१ सेकंदात थांबला, तर त्याच्यावरचं एकूण सरासरी बल ६० × ४ ÷ ०.१ = २४०० न्यूटन. हे जमिनीचं बल नव्हे! वजन खाली ओढतच असतं, म्हणून जमिनीला २४०० + ६०० = ३००० न्यूटन बल लावावं लागतं. गुडघे ताठ ठेवून तो ०.०२ सेकंदात थांबला, तर तेच बल १२,६०० न्यूटन होतं. संवेगातला बदल दोन्ही वेळा २४० न्यूटन-सेकंदच आहे. काळ पाचपट कमी झाला.

टक्करीच्या गणितात दोन्ही वस्तू मिळून एक प्रणाली धरा. त्यांची एकमेकांवरची बलं समान आणि विरुद्ध असल्याने एकूण संवेगात त्यांचा परिणाम उरत नाही. २ किग्रॅची गाडी ३ मी/से वेगाने येऊन १ किग्रॅच्या स्थिर गाडीला चिकटली, तर एकत्र वेग ६ ÷ ३ = २ मी/से. गतिज ऊर्जा आधी ९ ज्यूल, नंतर ६. उरलेली ३ ज्यूल उष्णता, आवाज आणि आकार बदलण्यात गेली. इथे गतिज ऊर्जा अक्षय्य मानली तर वेग २.४५ मी/से येतो आणि संवेगाचा हिशोब जुळत नाही. स्थितिस्थापक टक्कर (जिच्यात एकूण गतिज ऊर्जा तेवढीच राहते) आहे असं प्रश्नात म्हटलं असेल तरच गतिज ऊर्जेचं समीकरण जोडा. तेव्हा याच गाड्यांचे वेग १ आणि ४ मी/से येतात.

काळाची हद्द न आखल्याचा सर्वांत मोठा फटका टांगलेल्या ठोकळ्याच्या गणितात बसतो. गोळी टांगलेल्या ठोकळ्यात रुतते, ठोकळा झोका घेऊन वर जातो आणि त्या उंचीवरून गोळीचा वेग काढतात; ही पद्धत बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये प्रसिद्ध केली. ०.०१ किग्रॅची गोळी ४०० मी/से वेगाने १.९९ किग्रॅच्या ठोकळ्यात रुतते. गोळी रुतेपर्यंत फक्त संवेग: ४ ÷ २ = २ मी/से. त्यानंतर फक्त ऊर्जा: उंची = २² ÷ २० = ०.२ मीटर. गोळीची ८०० ज्यूल ऊर्जा सरळ उंचीत बदलली असं मानलं, तर ४० मीटर येतात. दोन टप्प्यांच्या मध्ये कागदावर आडवी रेघ ओढा.

वाळूच्या गाडीचा प्रश्नही याच मुद्द्यावर फसवतो. घर्षणरहित रुळावर ३ मी/से वेगाने जाणाऱ्या ४० किग्रॅच्या गाडीत वरून सरळ खाली २० किग्रॅ वाळू पडली, तर आडव्या दिशेतला संवेग १२० तसाच राहतो आणि वेग २ मी/से होतो. उभ्या दिशेत रूळ बल लावतो, म्हणून तिथे संवेग अक्षय्य नाही. आता तीच वाळू तळाच्या भोकातून गळू लागली तर? वेग परत ३ होईल असं अनेकांना वाटतं. तो २ वरच राहतो, कारण गळणारी वाळू स्वतःचा २ मी/से वेग सोबत घेऊन जाते आणि गाडीला आडवं ढकलत नाही.

दिशा तिरप्या असतील तर प्रत्येक अक्षासाठी वेगळं समीकरण लिहा. गुळगुळीत भिंतीवर ०.२ किग्रॅचा चेंडू लंबाशी ६०° कोनात १० मी/से ने आदळून तेवढ्याच वेगाने परतला, तर भिंतीला समांतर घटक बदलत नाही आणि लंब घटक उलटतो: आवेग = २ × ०.२ × १० × ½ = २ न्यूटन-सेकंद, भिंतीपासून दूर (½ म्हणजे cos ६०°). वेगाचा आकडा आधी आणि नंतर सारखाच आहे, म्हणून आवेग शून्य लिहिणारे इथे अडकतात.