अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेची तयारी

मुख व जबडा शल्यचिकित्सकाकडे जबड्याचे फ्रॅक्चर, हाडातल्या गाठी, तोंडाचा कर्करोग असं बरंच काही येतं. सामान्य माणसाची मात्र या शाखेशी पहिली गाठ पडते ती बहुधा हाडात अडकलेल्या खालच्या अक्कलदाढेमुळे. म्हणून ही यादी तिच्यासाठी.

सगळ्यात आधी औषधांची यादी कागदावर लिहा, मात्रेसकट. ‘बीपीची एक गोळी’ एवढ्यावर भागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. दाढेचं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्यामुळे झालेली गुठळी मेंदूत किंवा हृदयात अडकली तर मोठं संकट. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या चाचणीचा, ताजा अहवाल, शक्यतो आदल्या २४ तासांतला, सोबत ठेवावा. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा, इंजेक्शन जुनं असलं तरीही. या औषधांनी जबड्याचं हाड भरून येणं अडू शकतं आणि लोक नेमकं हेच सांगायला विसरतात, कारण त्यांच्या लेखी त्याचा दातांशी संबंध नसतो. मधुमेह, दमा, गर्भारपण, औषधांची ॲलर्जी हेही त्याच कागदावर.

एक्स-रे म्हणजे ओपीजी, दोन्ही जबडे एका फिल्मवर दाखवणारा. त्यात दाढेची मुळं खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या अगदी जवळ दिसली तर सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन, लागू शकतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: ओठ किंवा जीभ बधिर राहण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती? बहुतेकदा असा बधिरपणा काही आठवड्यांत वा महिन्यांत जातो, क्वचित कायम राहतो. दाढेभोवती पू असेल, तोंड उघडत नसेल, तर आधी संसर्ग आटोक्यात आणतात. तेव्हा तारीख पुढे गेली म्हणून चिडू नये.

नुसती जागेवरची भूल असेल तर जेवून जा. उपाशीपोटी घाबरलेल्या माणसालाच खुर्चीत चक्कर येते. गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल असेल तर साधारणपणे ६ तास आधी खाणं आणि २ तास आधी पाणी बंद. यातही भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम. भुलेत पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ नये, एवढ्यासाठी हा उपास. अशा वेळी घरी नेणारं माणूस हवंच, आणि पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही. सैल बाह्यांचे कपडे घाला. नेलपॉलिश काढून टाका, बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्यामुळे चुकू शकतं.

घरून निघण्याआधीच आणून ठेवायचं ते असं: निर्जंतुक गॉज (रक्त थांबवायला चावून धरायचं जाळीदार कापड), बर्फाची पिशवी, लिहून दिलेली वेदनाशामकं, जास्तीची उशी, न चावता गिळता येईल असं मऊ, गार किंवा कोमट खाणं. वेदनाशामकाचा पहिला डोस भूल उतरण्याआधी घ्यायचा. दुखायला लागल्यावर घेतला तर दुखणं आवरायला वेळ लागतो. आयब्युप्रोफेन मात्र अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा काही दमेकऱ्यांना चालत नाही. बर्फ पहिल्याच दिवशी, २० मिनिटं लावून २० मिनिटं थांबत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, त्यामुळे लग्न, परीक्षा, प्रवास त्या आठवड्यात नको.

पहिले २४ तास गुळण्या, थुंकणं, स्ट्रॉने पिणं बंद. दाढेच्या खळग्यात धरलेली रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त घडतं; जमेल तितके दिवस आधीपासून सोडा आणि नंतर निदान आठवडाभर तरी हात लावू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, खळखळ न करता गुळण्या.

रुग्णालयाचा रात्रीचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. गॉज घट्ट चावून अर्धा तास झाला तरी रक्त वाहतंय, किंवा सूज दोन-तीन दिवसांनंतरही वाढतेय आणि ताप आहे, तर त्या नंबरवर फोन करा. गिळता येत नसेल, जिभेखाली सूज आली असेल किंवा श्वास अडत असेल तर फोनमध्ये वेळ न घालवता थेट आपत्कालीन विभागात जा.