रेक्टमच्या कॅन्सरचा एमआरआय: आधी काय सांगायचं, रिपोर्टमध्ये काय बघायचं

बायोप्सीत कॅन्सर आला की घरात सगळ्यांचं एकच सुरू होतं, लवकर ऑपरेशन करून मोकळे व्हा. ती घाई समजते, पण रेक्टमच्या म्हणजे गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी एमआरआय आणि मग उपचार ठरवायचे, हा क्रम मोडू देऊ नका. कॅन्सर आहे की नाही हे बायोप्सीत कळलेलंच असतं, एमआरआय त्यासाठी नसतोच. गाठ आतड्याच्या भिंतीतून किती बाहेर गेलीय, ती अख्खी निघेल का, की आधी रेडिएशन-केमो देऊन आकसवावी लागेल, हे त्यावरून ठरतं. ऑपरेशन होऊन गेलं की आधी रेडिएशन द्यायची वेळ निघून गेलेली असते. लिव्हर आणि फुफ्फुसांसाठी सीटी स्कॅन वेगळा करतात, त्यामुळे सीटी झालाय मग एमआरआय कशाला असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, दोघांचं काम वेगळं आहे.

स्कॅनला जाताना कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट सोबत न्या. गाठ कुठे आहे ते माहीत असेल तर फोटो गाठीला बरोबर काटकोनात घेता येतात, आणि तिरके घेतले तर गाठ आहे त्यापेक्षा खोल गेल्यासारखी दिसू शकते. रेक्टमसाठी ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप लागतात, म्हणून दुसऱ्याच कारणासाठी केलेला जुना पेल्विसचा एमआरआय बहुतेक वेळा इथे पुरत नाही. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात कधी धातूचा कण गेला असेल, सगळं आधीच सांगा, स्कोपीच्या वेळी क्लिप लावली असेल तर तेही. आतडं हलू नये म्हणून कधीकधी इंजेक्शन देतात, तेव्हा काचबिंदू, हार्टचा त्रास किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर बोलायलाच हवं. शिरेतून द्यायचा कॉन्ट्रास्ट बहुतेकदा लागत नाही. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही आणि आवाज खूप होतो, बंद जागेत घाबरायला होत असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐनवेळी आत गेल्यावर नको. यात एक्स-रेसारखं रेडिएशन नसतं, त्यामुळे पुन्हा करावा लागला तरी ती भीती नको.

आता रिपोर्ट. सगळ्यात आधी सीआरएम किंवा मेसोरेक्टल फेशिया हे शब्द शोधा. रेक्टमभोवती चरबीचा थर असतो आणि त्याच्यावर पातळ पडदा, तोच मेसोरेक्टल फेशिया, आणि सीआरएम म्हणजे ऑपरेशनमध्ये कापायची कड. सर्जन त्या पडद्याच्या कडेकडेने सगळं एकसंध काढतात, ही पद्धत इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ च्या सुमारास मांडली आणि त्यानंतर गाठ पुन्हा त्याच जागी येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. पण गाठ त्या पडद्यापासून १ मिलिमीटर किंवा त्याहून जवळ आली असेल तर कापताना कॅन्सर मागे राहण्याचा धोका असतो, आणि अशा वेळी सहसा आधी रेडिएशन-केमो देतात. कड साफ मिळेल का हे एमआरआय ऑपरेशनच्या आधीच सांगू शकतो, हे मर्क्युरी नावाच्या अभ्यासाने २००६ मध्ये दाखवलं. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं टी३, म्हणजे गाठ भिंतीच्या स्नायूंपलीकडे चरबीत गेलीय, एवढंच लिहून सोडलं असेल तर थेट विचारा, पडद्यापासून अंतर किती मिलिमीटर? टी३ मध्येही गाठ भिंतीबाहेर १ मिलिमीटर गेलीय की १५, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग ईएमव्हीआय, म्हणजे भिंतीबाहेरच्या रक्तवाहिन्यांत गाठ शिरलीय का. हे पॉझिटिव्ह असलं तर कॅन्सर लांब पसरायची शक्यता वाढते, पसरलाच असा अर्थ नाही, हे नीट लक्षात घ्या. लिम्फ नोडच्या, म्हणजे आजूबाजूच्या लसिका ग्रंथींच्या बाबतीत एमआरआय तेवढा पक्का नाही, छोट्या नोडमध्येही कॅन्सर असू शकतो आणि मोठा नोड नुसत्या सुजेचाही असतो, म्हणून आकारासोबत कडा आणि आतला भागही बघतात. अगदी सुरुवातीच्या गाठीत टी१ की टी२, म्हणजे भिंतीच्या आतल्या थरातच आहे की स्नायूत शिरलीय, हे एमआरआयला नीट सांगता येत नाही, तिथे आतून केलेली सोनोग्राफी जास्त कामाची.

गाठ खाली असेल तर गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे आणि स्फिंक्टर, म्हणजे शी रोखून धरणारे स्नायू, त्यात शिरलीय का हे बघा. शीसाठी पोटावर कायमची पिशवी लागेल का हा प्रश्न बराचसा इथेच ठरतो, तेव्हा सर्जनला संकोच न करता विचारा.

रेडिएशन-केमो संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय होतो, आणि तेव्हा पहिल्या स्कॅनची सीडी सोबत असायलाच पाहिजे, नुसता कागद नको. उरलेली गाठ आणि बरा झालेला व्रण यातला फरक ओळखणं अवघड असतं, त्यासाठी एमआरआयमध्येच डिफ्यूजन नावाचे वेगळ्या प्रकारचे फोटो घेतात आणि जुन्याशी ताडून बघतात. गाठ पूर्ण गेलेली दिसली तर काही जणांना ऑपरेशन न करता फक्त लक्ष ठेवायचा पर्याय मिळतो, ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये त्याचे निकाल मांडले होते. पण हे एकट्या एमआरआयवर ठरवायचं नाही, बोटाने तपासणी आणि स्कोपी दोन्ही हवेत, आणि मनाने तयारी हवी ती वारंवार येण्याची, कारण गाठ परत वाढली तर बहुतेक वेळा पहिल्या २ वर्षांत आणि आतड्याच्या भिंतीतच वाढते, वेळेत सापडली तर बहुतेकांचं ऑपरेशन तेव्हाही करता येतं. त्रास काहीच नाही म्हणून तारीख पुढे ढकलू नका.