जुन्या गाडीचा गंज सँडब्लास्टरने काढताय? या चुका टाळा

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आज कोणी दुरुस्तीला काढली, तर तिचं कोरं बॉनेट मिळवायला भंगारबाजार पालथा घालावा लागतो. उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. त्यामुळे सँडब्लास्टरची गन, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक दाणे मारून गंज काढणारं यंत्र, आधी गाडीच्या मूळ पत्र्याला जपून चालवायची, गंजाचं नंतर बघू.

सगळ्यात घातक चूक म्हणजे बांधकामावरची वाळू चाळून गनमध्ये भरणं. वाळूचे कण आपटून फुटतात तेव्हा सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतल्या अशा कामात वाळू वापरायला बंदी घातली, ती याच कारणाने. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कोकणात तर किनाऱ्यावरची वाळू आयती मिळते. तिच्यातलं मीठ पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत बसतं आणि नव्या रंगाखाली पुन्हा फोड येतात. वाळूऐवजी गार्नेट किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे विकत घ्या. खर्च होतो, पण इथे काटकसर नकोच. तरीही चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क, डोकं झाकणारं हूड आणि हातमोजे हवेतच, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. पोरांना आसपास फिरकू देऊ नका.

दुसरी चूक बॉनेट, छप्पर, दारं अशा मोठ्या सपाट भागांवर होते. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. कणांच्या माऱ्याने त्याची एक बाजू ताणली जाते आणि पत्रा लाटेसारखा फुगतो. तो तापून वाकला असं समजून लोक थांबत थांबत मारा करतात, पण नुकसान मुख्यतः माऱ्यानेच होतं, त्यामुळे तरीही पत्रा वाकडा होतो. असा पत्रा सरळ करणं चांगल्या डेंटरलाही जड जातं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सपाट भागांचा रंग पेंट रिमूव्हर आणि पॉलिश पेपरने काढा. गन ठेवा चाकांच्या कमानी, बिजागऱ्या, सांधे आणि सस्पेन्शनच्या जाड भागांसाठी. पातळ पत्र्यावर वापरायचीच असेल तर हवेचा दाब ३०-४० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) ठेवा, नॉझल म्हणजे गनचं तोंड पत्र्यापासून जवळजवळ फूटभर लांब आणि तिरकं धरा. हात एका जागी थांबू देऊ नका.

गन जोरात सुरू होऊन मिनिटभरात तिचा दम सरतो का? दोष बहुधा गनचा नसतो, हवा पुरत नसते. कॉम्प्रेसर एका हॉर्सपॉवरमागे साधारण चार सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो, आणि लहान गनलाही सात-आठ सीएफएम सतत लागते. पंक्चरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर इथे टिकत नाही. गन अडखळत, फुरफुरत चालत असेल तर ओलावा आहे. टाकीतलं पाणी काढा, दाणे उन्हात वाळवून चाळा आणि वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून न लावता काही फूट पाइपनंतर लावा. तिथवर हवा थोडी निवते आणि वाफेचं पाणी होऊन सेपरेटरमध्ये अडकतं. इतकं करूनही जोर येत नसेल तर नॉझल तपासा, झिजून भोक मोठं झालेलं असेल.

ग्रीस आणि खालच्या डांबरासारख्या कोटिंगवरून दाणे नुसते उसळतात. ते आधी खरवडून, थिनरने पुसून घ्या. थिनर पूर्ण उडून गेल्यावरच गन सुरू करा. पेट्रोलच्या टाकीजवळ गन नेऊ नका, स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. काचा, क्रोम, ब्रेकचे पाइप झाका. चेसिस नंबरवरही जाड टेप लावा. तो पुसट झाला तर आरटीओत काय होतं ते सांगायला नको.

गंज निघाल्यावर पुष्कळदा टाचणीएवढी भोकं दिसतात. ती पुट्टीने बुजवू नका, कुजलेला भाग कापून तुकडा वेल्ड करा. पोकळ भागांत शिरलेले दाणे हवेने आणि व्हॅक्यूमने काढा, नाहीतर ते ओल धरून आतून गंज चढवतात. उघड्या पत्र्याला नुसत्या हाताने शिवू नका, गंज चढायला घामातलं मीठ पुरेसं असतं. मुंबईच्या दमट हवेत चकचकीत पत्रा काही तासांत तांबूस व्हायला लागतो. म्हणून संध्याकाळपर्यंत इपॉक्सी प्रायमर मारता येईल तेवढाच भाग सकाळी घ्या, आणि भर पावसाळ्यात हे काम काढूच नका.