गाडी विकली, पण ॲपमधून काढलीत का? या चुका टाळा

परवा साताऱ्यात दाजींकडे जेवायला बसलो होतो. पहिली भाकरी मोडतोय तोवर त्यांचा मोबाईल वाजला, कार कंपनीच्या ॲपचा मेसेज : ‘इंजिन सुरू झाले.’ गाडी तर दारात उभी, किल्ली खुंटीला. बघितलं तर ही त्यांची जुनी गाडी, आठ महिन्यांपूर्वी उंब्रजच्या एकाला विकलेली. नकाशावर ठिपका तासवडे टोलनाक्याकडे सरकत होता, टाकीत पेट्रोल किती तेही दिसत होतं. “दाजी, इथनं हॉर्न वाजवू का?” मी गमतीनं विचारलं. बटण खरंच होतं.

“मी काय मुद्दाम बघत नाही, ते आपलं आपण येतं,” दाजी म्हणाले. ताईचा प्रश्न मात्र बिनतोड होता : “आणि दारातली ही? हीपण सेकंडहँडच घेतलीय की!”

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. आरसी नावावर झाली, विमा बदलला, की व्यवहार संपला असं आपण धरून चालतो. विकताना दोन कामं वेगवेगळी करायची असतात. एक, गाडीच्या स्क्रीनवर सेटिंगमध्ये जाऊन ‘फॅक्टरी रीसेट’; त्यानं फोनबुक, कॉलची यादी, नकाशात ‘घर’ म्हणून ठेवलेला पत्ता पुसला जातो. दुसरं, मोबाईलच्या ॲपमध्ये जाऊन गाडी खात्यातून काढणं. नुसतं ॲप मोबाईलमधून उडवून काही होत नाही. खातं कंपनीच्या सर्व्हरवर असतं, ते तसंच राहतं. जाता जाता फास्टॅगही बंद करा. नाहीतर नवा मालक आनेवाडी टोलनाक्यावरून गेला की पैसे तुमचे कटणार आणि तो कुठे गेला याचा मेसेज तुम्हाला येणार.

जुनी गाडी घेणाऱ्यानं उलट तपासणी करायची. आपल्या नंबरवरून ॲपमध्ये गाडी जोडून बघा. ‘ही गाडी आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेली आहे’ असं आलं, तर आधीच्या मालकाला फोन करून काढायला लावा. तो दाद देत नसेल तर आपल्या नावाची आरसी घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि जुनं खातं तोडून मागा. नुसतं तोंडी “झालं साहेब” ऐकून परत येऊ नका. तिथेच उभं राहून आपल्या मोबाईलवर गाडी जोडून बघा.

नवी गाडी घेताना चूक होते ती डिलिव्हरीच्या दिवशी. हार घातलाय, नारळ फुटलाय, फोटो चाललेत, आणि शोरूमचा पोरगा म्हणतो, “काका, ओटीपी सांगा.” खातं तो उघडतो, ‘मान्य आहे’ची सगळी बटणं तोच दाबतो, पासवर्डही बहुतेक वेळा गाडीचा नंबर. घरी आल्यावर पासवर्ड बदला आणि संमतीची पानं उघडून जाहिरात आणि ‘भागीदार कंपन्या’ यांची परवानगी काढा.

“मी मोबाईलचं लोकेशन बंदच ठेवतो,” असं सांगणारे खूप भेटतात. त्याचा इथे उपयोग नाही. घरी बसून गाडी कुठे आहे हे ॲपवर दिसत असेल, तर गाडीत तिचं स्वतःचं सिम आणि जीपीएस आहे. पण म्हणून कुणा मेकॅनिककडून वायर तोडून घेऊ नका. वॉरंटीचा वाद होईल आणि अपघातात मदत मागणारं एसओएस बटणही बंद पडेल. मी स्वतः चोरीचा माग काढणारी सोय चालू ठेवलीय, बाकी जे बंद होतं ते बंद.

भाड्याच्या गाडीत ब्लूटूथ जोडताना फोनबुक मागितलं तर नाही म्हणा. गाणी त्याशिवायही वाजतात.

एवढं कशाला, असं वाटत असेल तर बाहेर काय झालं बघा. २०२३ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशननं २५ कार ब्रँड तपासले, गोपनीयतेत एकही पास झाला नाही. त्याच वर्षी टोयोटानं कबूल केलं की जपानमधल्या सुमारे २१.५ लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती जवळपास दहा वर्षं उघडी पडली होती. अमेरिकेत जनरल मोटर्सकडून चालकांच्या ब्रेक मारण्याच्या, वेगाच्या नोंदी मधल्या डेटा कंपन्यांमार्फत विमावाल्यांपर्यंत गेल्या. लोकांचे हप्ते वाढले तेव्हा कुठे त्यांना कळलं. आपल्याकडेही गाडी कशी चालवता त्यावर हप्ता ठरवणाऱ्या विम्याला २०२२ पासून परवानगी आहे. स्वस्त म्हणून घेण्याआधी नोंद कशाची होते ते विचारा.

कायद्याचं म्हणाल तर वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि आपला डेटा पुसून मागण्याचा हक्क लागू व्हायला त्यापुढे आणखी १८ महिने. तोवर ॲपमधल्या गोपनीयता धोरणाच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथे लेखी कळवून ठेवा.

दाजींनी त्याच रात्री उंब्रजची गाडी काढून टाकली. मग दारातल्या गाडीचा आधीचा मालक, कोल्हापूरचा, त्याला फोन लावला. तो मोकळेपणानं म्हणाला, “व्हय की, दिसतीया अजून. रविवारी यवतेश्वराला गेला हुतासा न्हवं?”