ब्रिटनमध्ये लायसन्सवर पेनल्टी पॉइंट आहेत का, हे कसे तपासावे

इंग्लंड, वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये वाहतुकीच्या गुन्ह्याबद्दल मिळालेले पॉइंट लायसन्सच्या कार्डावर छापले जात नाहीत. लायसन्ससोबतचे कागदी जोडपत्र ८ जून २०१५ रोजी रद्द झाले आणि तेव्हापासून ही नोंद केवळ स्वान्सी येथील डीव्हीएलए या चालक व वाहन परवाना संस्थेच्या दप्तरी राहते. त्यामुळे कार्ड कोरे दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

नोंद पाहण्यासाठी सरकारी संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षा) क्रमांक आणि लायसन्सवरील पोस्टकोड भरावा. यासाठी शुल्क नाही. प्रत्येक गुन्ह्याला एक संकेत असतो. सार्वजनिक रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडल्यास एसपी३० लागतो व ३ ते ६ पॉइंट मिळतात, तर विम्याविना गाडी चालवल्यास आयएन१० लागून ६ ते ८ पॉइंट मिळतात. संकेताचा शेवटचा आकडाही पाहावा, कारण विमा नसलेल्या मित्राला आपली गाडी चालवू दिली, तर स्वतः चाकामागे नसतानाही आपल्या नावावर आयएन१४ चढू शकतो.

खरा घोळ होतो तो तारखांचा. बहुतेक नोंदी गुन्ह्याच्या तारखेपासून ४ वर्षे राहतात. मात्र धोकादायक वाहनचालनाच्या किंवा वाहनबंदीच्या प्रकरणात ही ४ वर्षे न्यायालयाने दोषी ठरवल्यापासून, आणि दारू पिऊन वाहन चालवल्यास ११ वर्षे त्याच तारखेपासून मोजतात. नोंद ४ वर्षे दिसली, तरी बेरजेत पॉइंट ३ वर्षेच धरले जातात, आणि तेही एका गुन्ह्याच्या तारखेपासून दुसऱ्या गुन्ह्याच्या तारखेपर्यंत. म्हणजे १० मार्च २०२३ रोजी वेग ओलांडला असेल आणि दुसरा गुन्हा फेब्रुवारी २०२६ मध्ये घडला असेल, तर त्याचा निकाल जूनमध्ये लागला तरी दोन्हींचे पॉइंट एकत्र मोजले जातात. अशी बेरीज १२ झाली की सहसा किमान ६ महिन्यांची वाहनबंदी येते. पहिली परीक्षा उत्तीर्ण होऊन २ वर्षे न झालेल्या चालकाचे लायसन्स मात्र ६ पॉइंटांवरच रद्द होते आणि त्याला लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. शिकाऊ लायसन्सवरचे, मुदत न संपलेले पॉइंटही पुढे येतात, याचा नवशिक्यांना हमखास विसर पडतो.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवणाऱ्यांनीही आपण यातून सुटलो असे मानू नये. त्यांच्या नावाने डीव्हीएलए स्वतंत्र नोंद उघडते.

मुदत संपलेली नोंद आपोआप निघते, त्यासाठी अर्ज लागत नाही. नोंदीत चूक आढळल्यास, ज्या न्यायालयाने दोषी ठरवले त्याच्याकडे आधी विचारणा करावी, कारण डीव्हीएलए तेथून आलेलीच माहिती नोंदवते. नोकरीच्या किंवा भाड्याच्या गाडीसाठी नोंद दाखवायची असल्यास त्याच संकेतस्थळावरून २१ दिवस चालणारा तपासणी कोड काढून द्यावा. विम्याचा अर्ज भरताना मात्र प्रश्न नीट वाचावा, कारण विमा कंपन्या सहसा मागील ५ वर्षांची माहिती मागतात आणि तोवर ४ वर्षांची नोंद दप्तरातून निघून गेलेली असू शकते.