ग्रान टुरिस्मो ७ : गाडीचा पिकअप गेला? आधी ऑइल बघा

एकच लाडकी गाडी आठवडाभर पळवली की एक दिवस जाणवतं, नेहमीच्या सरळ पट्ट्यात पुढचा काही हाती लागत नाहीये. मग आपण स्वतःच्याच हाताला दोष देत बसतो. पण २०२२ साली प्लेस्टेशन ४ आणि ५ वर आलेल्या या गेममध्ये गाडी खरोखर झिजते. ऑइल खराब होतं, इंजिन थकतं, बॉडी सैल पडते. धूर नाही, खडखडाट नाही, ताकद मात्र गुपचूप कमी होत जाते.

म्हणून पहिलं काम : गाडी घेतली त्याच दिवशी सेटिंग्जमध्ये दिसणारी पॉवर आणि पीपी, म्हणजे परफॉर्मन्स पॉइंट्स (गाडीची एकूण क्षमता सांगणारा आकडा), यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवा पार्ट बसवला की नवा फोटो. पिकअप गेल्याची शंका आली की आकडे ताडून बघायचे. आकडे जागच्या जागी असतील तर दोष आपलाच, सराव करा.

आकडे घसरले असतील तर जीटी ऑटो, म्हणजे गेममधलं सर्व्हिस सेंटर, गाठा. (सुरुवातीला ते बंद असतं, गेममधल्या कॅफेत मिळणारी पहिली काही मेन्यू बुक्स, म्हणजे कामांच्या याद्या, पुरी केली की उघडतं.) तिथे आधी फक्त ऑइल बदला आणि परत येऊन पॉवर बघा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. पॉवर पूर्ण परतली नाही तरच इंजिन ओव्हरहॉल करा, कारण त्याला क्रेडिट्स, म्हणजे गेममधले पैसे, बरेच जातात. बॉडीचं काम सर्वांत शेवटी. सगळं एका दमात उरकलं तर फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि खिसा उगाच हलका होतो. सेकंडहँड गाडीवर किती किलोमीटर झालेत ते दुकानातच दिसतं. तिचं ऑइल घरी आणल्या आणल्या बदला. धुलाईने वेग वाढत नाही, गाडी फोटोत छान दिसते इतकंच. जीटी ऑटोतच मिळणारी वाइड बॉडी, म्हणजे गाडी रुंद करणारी बॉडी, मात्र विचार करून घ्या, एकदा बसवली की काढता येत नाही.

इथे एक गंमत होते. ताकद परतली की पीपीही वाढतात. काल ७०० पीपीची मर्यादा असलेल्या शर्यतीत नेमकी बसणारी गाडी आज सर्व्हिसिंगनंतर दारातच अडवली जाते. घाबरू नका. पॉवर रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनची ताकद मर्यादित करणारा पार्ट, किंचित खाली आणा किंवा थोडं बॅलास्ट, म्हणजे वजन, घाला.

गॅरेजमधली झीज सावकाश, शर्यतीतली झपाट्याने. टायर आणि इंधन किती पट वेगाने संपणार हे शर्यतीच्या माहितीत दिलेलं असतं. ते न वाचता सुरुवात करू नका. शर्यतीत चारही टायरच्या पट्ट्या स्क्रीनवर खाली उतरताना दिसतात. सर्वांत आधी कोणता टायर उतरतोय ते बघा. पुढचे दोन्ही आधी जात असतील तर तुम्ही वळणात जास्त वेगाने शिरून स्टिअरिंग ओढताय. मागचे जात असतील तर वळणातून निघताना ॲक्सिलरेटर घाईने दाबताय. हा दोष कोणत्याही जीटी ऑटोत दुरुस्त होत नाही.

इंधनासाठी फ्युएल मॅप, म्हणजे इंजिनने किती इंधन जाळायचं ते ठरवणारी सेटिंग, १ ते ६ आहे : १ वर पूर्ण ताकद, ६ वर सर्वाधिक बचत. माझं मत विचाराल तर मॅप १ वर ठेवून गिअर थोडा लवकर बदलणं हा सोपा उपाय; पुढच्या गाडीच्या मागे अडकलात की मॅप ६ च्या दिशेने न्या. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत इंधन भरायला आणि टायर बदलायला थांबतात तिथे, टाकी फुल्ल करू नका. उरलेल्या लॅप्सना पुरेल इतकंच भरा, कारण भरायला वेळ जातो आणि वजनही वाढतं.

ल मॉं या फ्रान्समधल्या ट्रॅकवरच्या ३० मिनिटांच्या ७०० पीपी शर्यतीत हा हिशेब नीट शिकायला मिळतो. लॅप साडेतेरा किलोमीटरहून लांब. मी पहिल्यांदा ‘अजून एक लॅप निघेल’ म्हणत पिटचा रस्ता सोडला आणि अर्ध्या वाटेत गाडी रांगायला लागली. शिवाय तिथे पाऊस येतो. त्यामुळे पिटमध्ये वळण्याआधी हवामानाचा रडार उघडा. ढग जवळ आले असताना कोरड्या रस्त्याचे टायर बसवले तर ते बदलायला लगेच परत यावं लागेल.