कर्जवसुलीचा छळ आणि कंपनी परराज्यात: तक्रार आपल्याच जिल्ह्यात कशी करावी

कर्ज घेतलं पुण्यात, मोबाइलवरच्या ॲपमधून. कंपनी निघाली गुरुग्रामची, वसुलीचे फोन येतात तिसऱ्याच शहरातून. करार उघडला तर तळाशी ओळ असते: ‘सर्व वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयांत चालतील.’ ही ओळ वाचून कित्येक जण गप्प बसतात. गप्प बसायचं काहीच कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार चालते. २० जुलै २०२० पासून ही तरतूद लागू आहे. त्याआधीच्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती.

खरी कंपनी शोधा

ॲपचं नाव म्हणजे कर्ज देणारी कंपनी नव्हे. मंजुरीपत्र किंवा ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) काढून बघा. पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) तिथे लिहिलेली असते. तिचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, २१ अक्षर-अंकांचा असतो. त्यातली सातवी आणि आठवी जागा राज्याची: एचआर म्हणजे हरियाणा, केए म्हणजे कर्नाटक, टीएन म्हणजे तमिळनाडू. नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरून घ्या, ॲपवरून नको. चुकीच्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत येते आणि तारखा वाया जातात.

तक्रारीत सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) क्रमांक १ म्हणून कर्ज देणारी कंपनीच ठेवा, वसुली एजन्सी क्रमांक २. एकट्या एजन्सीवर तक्रार केली तर ‘हा आमचा ग्राहकच नाही’ असं ती म्हणते, आणि तिचं म्हणणं खरंही ठरू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एजंटच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावरच असते.

पुरावा आणि पहिली लेखी तक्रार

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाईक-मित्रांना त्रास देणंही मना आहे. म्हणून समजा रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी कॉल आला, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ, नंबर तिन्ही दिसले पाहिजेत. भावाला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला मेसेज गेला असेल तर तो त्यांच्याच फोनवरून घ्या आणि त्यांचं शपथपत्र जोडा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. तिथे राज्याच्या हद्दीचा प्रश्नच येत नाही. मात्र क्रम सांभाळा: आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. शिवाय आयोगात जाण्याची दोन वर्षांची मुदत तोवर थांबलेली नसते.

हद्दीचा परिच्छेद

तक्रार याच आयोगाच्या हद्दीत येते हे तक्रारीत दाखवावं लागतं, आणि अशा तक्रारी अडकतात त्या इथेच. आधारवर पत्ता लातूरचा, राहणं पुण्यात, आणि तक्रार पुण्यात: कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो. नोंदणीकृत भाडेकरार, वीजबिल किंवा कंपनीच्या लेटरहेडवरचं नोकरीचं पत्र जोडा. मुंबईत दक्षिण, मध्य आणि उपनगर असे वेगळे आयोग आहेत. आपला भाग कोणाकडे येतो ते आधी बघा. तक्रारीतला हद्दीचा परिच्छेद साधा असावा:

‘तक्रारदार वरील पत्त्यावर, म्हणजे या आयोगाच्या हद्दीत, अमुक तारखेपासून राहतो. सामनेवाल्यांच्या प्रतिनिधींनी याच पत्त्यावर येऊन व फोन करून त्रास दिला. म्हणून कलम ३४(२) नुसार या आयोगाला अधिकार आहे.’

दुसऱ्या वाक्यामुळे वादाचं कारण तिथेच घडल्याचा स्वतंत्र आधारही मिळतो, म्हणून ते गाळू नका.

सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते.

काय मागावं, काय नाही

कर्ज माफ करा अशी मागणी करू नका. छळ थांबवणं, चुकीने लावलेले शुल्क परत मिळणं, भरपाई आणि खर्च मागा. छळ चालूच असेल तर अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा वेगळा अर्ज द्या. ‘करारच अनुचित ठरवा’ अशी मागणीही जिल्हा आयोगात नको. तो अधिकार राज्य आयोगापासून सुरू होतो.

करारातलं लवादाचं कलम (वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याची अट) पुढे केलं गेलं तर एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग (२०१८) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला द्या. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. तरीही कंपनीने परस्पर नेमलेल्या लवादाची नोटीस आली, तर त्या नेमणुकीला लगेच लेखी हरकत घ्या. कर्ज धंद्यासाठी असेल तर मात्र जपून. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतल्याचं दाखवता आलं तरच ग्राहक म्हणून उभं राहता येतं.

घराच्या ताब्याची सरफेसी कायद्याखालची (तारण मालमत्ता कोर्टाविना ताब्यात घेऊ देणारा कायदा) नोटीस आली असेल तर मार्ग कर्जवसुली न्यायाधिकरणाचा, तोही ४५ दिवसांत. चेक बाऊन्सचा खटला कंपनी तिचं स्वतःचं बँक खातं असलेल्या शाखेच्या गावी दाखल करू शकते. तो दूर आहे म्हणून दुर्लक्ष केलंत तर वॉरंट निघतं. तिथे वकील द्याच.

ग्राहक आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी जबाबासाठी ३० दिवस, वाढवून फार तर आणखी १५ मिळतात. त्यामुळे नोटीस पोचल्याची पोच जपून ठेवा. निकालानंतरही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली दंडाचा अर्ज करा. ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.